वहिनींची घरगाडी

आम्ही कुठेही निघालो की वहिनी दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहत आणि एकच वाक्य म्हणत, "जा तुम्ही. मी आहो घरी." नागपूरचं लग्न असो, पचमढीची सहल असो, नाहीतर कोणाचं बारसं असो, गाडी वळेपर्यंत त्या तिथून हलत नसत. परत आलो की चहाचं आधण ठेवलेलं असे. त्या माझ्या थोरल्या भावाची बायको. मी सौंसरच्या शाळेत मास्तर, लग्नाच्या भानगडीत न पडलेला, म्हणून पांढुर्ण्याच्या घरात दादा, वहिनी आणि मी असे तिघंच. त्यांचा मुलगा निखिल अमेरिकेत.

आमच्या आजोबांनी घर बांधलं तेव्हापासून त्याला कुलूप लागलेलं नव्हतं. दाराला कडी होती, कोयंडा होता, कुलूप मात्र नव्हतं. यामागे शास्त्र वगैरे काही नाही, निव्वळ ऐट. "आमच्या घराले कुलूप माहीत नाही," असं दादा चारचौघांत मिशीवर हात फिरवून सांगत. ही ऐट वहिनींच्या जिवावर चालली होती, हे कोणी बोलत नव्हतं. आधी आमचे आई-वडील होते, तेव्हाही घर राखायची पाळी सुनेचीच. पुढे तर पाळी हा शब्दही उरला नाही.

एका रविवारी सकाळी निखिलचा व्हिडिओ कॉल आला. उन्हाळ्यात त्याला मोठी सुट्टी होती आणि अमेरिकेच्या पश्चिमेकडची राष्ट्रीय उद्यानं आम्हाला दाखवायचं त्याच्या मनात होतं. हॉटेलची कटकट नको म्हणून तो आरव्ही भाड्याने घेणार होता. आरव्ही म्हणजे चाकावरचं घर. आत गॅस, फ्रिज, पलंग, न्हाणी, सगळं. दादा लगेच म्हणाले, "मी अन् काका येतो. तुझी आई आहे घरी."

वहिनी खाली बसून लसूण सोलत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "घर संगं नेता येते म्हनतं का रे?"

"हो आई."

"मंग मी बी येतो."

माझ्या हातातली संत्र्याची फोड हातातच राहिली. दादांनी तर मागे कोणी दुसरी बाई बोलली की काय, म्हणून वळून पाहिलं. "अन् या घराचं?" त्यांनी कसंबसं विचारलं. "तुमच्या भाच्याले झोपाले बोलवा," वहिनी म्हणाल्या आणि पुढची पाकळी सोलायला घेतली.

त्यानंतर दर रविवारी बैठक. आणि धक्क्यावर धक्के. ज्या बाईंनी इटारसीच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, त्या निखिलची उलटतपासणी घेऊ लागल्या. पाणी कुठे भरायचं, वीज कुठे जोडायची, मुक्कामाची जागा आधी धरावी लागते का? गॅसशेजारी संडास आहे हे कळल्यावर त्या सुन्न झाल्या. "चुलीच्या बाजूले? अन् एवढी मोठी अमेरिका म्हनते त्याले!" घाण पाण्याची टाकी आपल्याच हातांनी रिकामी करायची असते, हे ऐकून दादांनी जाणंच रद्द करायची भाषा केली. वहिनींनी निकाल दिला, "ते काम तुमचं अन् भाऊजीचं. सैपाक मी करून राहिली ना?" दोन मुक्कामांच्या मधात दिवसभराची वाट आणि एक गाव नाही म्हटल्यावर त्यांनी दशम्यांचा हिशेब मांडला. गाडीला नावही त्यांनीच दिलं, घरगाडी. गल्लीत विचारणा व्हायची, "काहो, घरगाडीचं कुठवर आलं?" वहिनी लाजायच्या, पण उत्तर सविस्तर द्यायच्या. एवढं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग तो रविवार आला. निखिल एका प्रचंड दरीबद्दल सांगत होता. लाल दगडाची दरी, काठाकाठाने पायी हिंडायचं, अर्धा दिवस तरी जाणार. शिवाय काही उद्यानांत अस्वलं, खाण्याच्या वासाने गाडीपर्यंत येतात म्हणे.

"मंग गाडीपाशी कोनी तरी पाहिजे," दादा म्हणाले. "तुझी आई राहीन. तिले सवय आहे."

निखिल 'हो' म्हणाला. मीही मान डोलावली. कोणाच्याच मनात वाईट नव्हतं. वहिनींनी आम्हा तिघांकडे एकेक करून पाहिलं. त्यांचा चेहरा असा पांढरा पडलेला मी आमची आई गेली तेव्हाही पाहिला नव्हता.

"मंग इथंच राहतो मी," त्या म्हणाल्या. "घरच राखाचं तं तितक्या दूर कायले? इथं निदान शेजारची बाई बोलाले आहे."

त्या उठून आत गेल्या. त्यांनी भांडी आदळली नाहीत की डोळ्यांना पदर लावला नाही, म्हणून जास्तच भीती वाटली. मला त्या क्षणी स्वतःचा, दादांचा, आमच्या त्या बिनकुलपाच्या ऐटीचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सौंसरहून बसने परत आलो, तर गल्लीत गर्दी. दादा तिगावच्या आमच्या संत्र्याच्या बगीच्यातून आलेले, भरलेली थैली हातात, रस्त्यात उभे. दाराला कुलूप. भलं मोठं, नवंकोरं, पिवळंधमक. मला दरदरून घाम फुटला. कुलूप पाहून असा घाम फुटेल, हे मला कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. वहिनींचा फोन घरातच वाजत होता. "काही करून तं नाही बसली?" दादा पुटपुटले आणि थैली त्यांच्या हातातून सुटली.

संत्री गोळा करत असतानाच कोपऱ्यावर ऑटो थांबला. वहिनी उतरल्या. कपाळाला शेंदूर, हातात प्रसादाची पुडी. जामसांवलीच्या हनुमानाचं दर्शन घेऊन एकट्या आल्या होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडली, चाबी काढली, कुलूप उघडलं आणि आत डोकावल्या.

"सकाळपासून कुलूप होतं," त्या म्हणाल्या. "पाहून राहिली होती मी, काय होते तं. काहीच नाही झालं."

दादांनी हातातली संत्री थैलीत टाकली आणि विचारलं, "चाब्या किती आहेत?"

"तीन."

त्यांनी एक दादांना दिली, एक मला. भाच्याला झोपायला बोलवायचं काम तिथेच संपलं.

त्या दरीच्या काठी भल्या सकाळी निखिलने घरगाडीला कुलूप लावलं, तेव्हा वहिनींनी दार दोनदा ओढून पाहिलं आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागल्या. काठाशी पोचल्यावर तोंडावर हात ठेवून खालीच बसल्या. "अगं माय," एवढंच. इतकं खोल, इतकं लाल, आणि या वेळी आपल्याला मागे ठेवून कोणी ते पाहून आलं नाही, याचाच त्यांना धक्का बसला असावा. नेमका तेव्हा पांढुर्ण्याहून, तिकडच्या संध्याकाळी, शेजारणीचा फोन. काहीतरी पार्सल आलं होतं, पार्सलवाला विचारत होता, घरी कोण आहे? वहिनी त्या दरीत घुमेल एवढ्या मोठ्याने ओरडल्या, "कोनी नाही घरी!" आणि हसत सुटल्या.

परतल्यावर त्या जरा हिंडू लागल्या. मागल्या हिवाळ्यात बहिणीकडे मोहगावला गेल्या होत्या. दादा त्यांना आणायला गेले. मी शाळेतून आलो, चाबी काढली, कुलूप उघडलं आणि फोन वाजला. "गेली रे," दादा म्हणाले. "बोलता बोलता गेली. तू कुठं जाऊ नको. दार उघडं ठेव, मी आनतो तिले."

मला काहीच सुधरेना. सकाळी तर त्यांनी फोनवर संत्र्यांना भाव काय आला ते विचारलं होतं. आत पाऊल टाकवेना. चौकटीला हात लावून उभा राहिलो. समोर रिकामी गल्ली होती. मोठ्याने म्हणालो, कोणी ऐकलं तर ऐको,

"जा तुम्ही, वहिनी. मी आहो घरी."