राबाच्या जागेवर गुलाब

जमनाकाकी माझ्याशी बोलत नसे. ती माझ्या गुलाबांशी बोलायची. रोज सकाळी शेतावर जाता जाता माझ्या तारेच्या कुंपणापाशी थांबायची, हातातला विळा तारेवर टेकवायची आणि मी झारी घेऊन दोन हातांच्या अंतरावर उभा असताना माझ्यातून आरपार बघत झाडांना म्हणायची, "मरा रे, मरा. लवकर मरा नि जागा मोकळी करा." लाज वाटते सांगायला, पण झाडं माझ्यापेक्षा तिचं जास्त ऐकायची.

मी मूळचा शहापूरचा. वडिलांच्या सातबाऱ्यावर माझं नाव होतं म्हणून सरकारदरबारी शेतकरी. प्रत्यक्षात आयुष्य ठाण्याच्या एका कचेरीत फायलींवर शेरे मारण्यात गेलं आणि चिखलात पाय घालायची वेळ कधी आली नाही. निवृत्त झाल्यावर गुलाबांचं खूळ डोक्यात शिरलं. मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या अलीकडे आत एका गावात घरासह थोडी जागा मिळाली. घरासमोर काळीभोर, भुसभुशीत मातीची एक पट्टी होती. मी ती मूठभर उचलली, चोळली, जाणकारासारखा वास घेतला. विकणारा म्हणाला, "शेठ, इथं काय पन लावा, येतंच." हे अगदी खरं होतं. का येतं, ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

विकणारा हा जमनाकाकीचा दीर. ती काळी पट्टी म्हणजे दोन्ही घरांची राबाची जागा. शेण, ऐनाच्या झाडाचा पानांसकट टहाळ, पालापाचोळा, गवत असं सगळं थरावर थर रचून चैत्र-वैशाखात जाळायचं आणि त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं रोप करायचं. काकी सून म्हणून आली तेव्हापासून तिथं राब भाजत होती, तिच्याआधी तिची सासू. वाटणीत ती जागा दिराकडे गेली, दीर कल्याणला राहायला गेला आणि जागा माझ्याकडे आली. कागद सगळे चोख. चैत्रात काकी डोक्यावर टहाळाचा भारा घेऊन नेहमीच्या वाटेने आली आणि तारेला अडली. भारा तिथंच टाकून ती घराकडे बघत उभी राहिली. त्या दिवसापासून माझं नाव 'कुंपन' पडलं.

"कुंपन घरात हाय का गो?" असं ती माझ्या बायकोला विचारायची, तेही मी पडवीत समोर बसलेला असताना. आमच्या हिच्याशी तिचं चांगलं होतं. पावसाळ्याच्या तोंडाला ती हिला रानातली शेवळं आणून द्यायची. शेवळांनी घसा खाजतो, म्हणून त्यात काकडं, म्हणजे आंबट रानफळं, घालावी लागतात, हे या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. काकी काकडंही मोजून आणायची आणि हिला बजावायची, "तुझ्या वाटच्या भाजीत घाल. कुंपनाच्या नको घालू." एके वर्षी हिने खरंच वेगळी काढली की काय कोण जाणे, मी दोन दिवस घशाला हात लावून बसलो होतो. ही अजून नाही म्हणते.

पहिल्या वर्षी मुरबाड रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून मी बारा गुलाब आणले. आजूबाजूला सगळ्यांची भाताची खाचरं बघून मलाही हुरूप आला. मी प्रत्येक वाफ्याला सुबक बांध घातला, चोपून, हात फिरवून. पाणी कसं छान राहील! पाऊस पडला आणि पाणी खरोखरच छान राहिलं. काकी आवणीला, भाताचं रोप खाचरात लावायला, चालली होती. थांबली, वाकून बघितलं आणि हातातली रोपाची मूठ उंच करून बरोबरच्या बायांना म्हणाली, "गो, कुंपनानं गुलाबाची आवनी केली. आता लोंब्या येतील." बाया इतक्या हसल्या की त्यांतली एक बांधावरच बसली. बारांतले आठ गुलाब मुळाशी कुजले. मी खचून न जाता आणखी आठ आणले. त्यांच्या वाफ्यांचे बांध फोडले, पण जागा सखल ती सखलच.

दुसऱ्या वर्षी एका झाडाने जोर धरला. बुंध्याच्या तळातून एक जाडजूड, हिरवागार फोक निघाला आणि बघता बघता माझ्या छातीला लागला. वरच्या फांद्या त्याच्यापुढे किरट्या दिसायला लागल्या. मी विचार केला, कमकुवतांना कशाला पोसायचं? आणि वरच्या सगळ्या छाटून टाकल्या. पाहुणे आले की मी त्यांना तो फोक दाखवायला न्यायचो. काकी पलीकडून म्हणायची, "चांगला हाय. वाढव. खूप वाढव." माझ्या बागेबद्दल तिच्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द. मी विरघळलोच. त्या फोकाला आणखी खत घातलं.

सहा महिन्यांनी त्याला हातभर काटे आले, फूल एकही नाही. मग रोपवाटिकेवाल्याने समजावलं, की कलमाचा डोळा भरतात तो रानगुलाबाच्या खुंटावर, आणि डोळ्याच्या खालून जे फुटतं तो रानगुलाब. मी गुलाब छाटून खुंट वाढवला होता.

रागारागात तारेपाशी गेलो. "काकी, तुम्हाला माहीत होतं?"

"आंब्याच्या कलमाखालून फुटला तं तो रायवळ. बारकं प्वार पन सांगेल."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू इचारलास कुठं? तू तं दाखवत होतास."

तिसऱ्या वर्षी मी तिच्यावर सूड घ्यायचं ठरवलं. काकीने तोपर्यंत राब वर नेला होता, माझ्या घरामागच्या तिच्या मुरमाड माळावर. तिथं रोप विरळ यायचं, पिवळं पडायचं. मागच्या आवणीला तिला दुसऱ्यांकडून रोप मागून आणावं लागलं होतं, आणि ते मागून आल्यावर ती आठवडाभर आमच्या हिच्याशीही बोलली नव्हती. त्या चैत्रात तिने माळावर राब पेटवला, सगळा धूर माझ्या बागेत उतरला आणि तोवर कसेबसे जगलेल्या नऊ झाडांचे कोवळे शेंडे राखेने माखले. मी कचेरीतलं सगळं कसब पणाला लावून ग्रामपंचायतीकडे दीड पानी अर्ज केला. 'शेजाऱ्याने केलेल्या धूरप्रदूषणाबाबत.' मुद्देसूद, खाली सही.

सरपंचांनी अर्ज मोठ्याने वाचायला घेतला. समोर सतरंजीवर दहा-बारा माणसं बसली होती. अर्ज संपता संपता माझ्या लक्षात आलं, की त्यातल्या प्रत्येकाच्या नखांत काळं आहे, अंगाला धुराचा वास आहे आणि खुद्द सरपंचांच्या धोतराला ठिणगीचं ताजं भोक पडलेलं आहे. त्या दिवशी सगळं गाव राब भाजून तिथं आलं होतं. धुराविरुद्ध तक्रार करणारा त्या गावात मी एकटा होतो, आणि तोही शेतकऱ्याचा मुलगा.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. कडेला बसलेली काकी उठली. पदराच्या गाठीतून मूठभर माती काढून तिने सतरंजीवर माझ्यासमोर ठेवली. माझ्याच बागेतली. तारेखालून हात घालून आणली असणार.

"ही काळी कशानं झाली, इचारा त्याला. पावन्यांना सांगतो गांडूळखतानं झाली." मग पहिल्यांदाच तिने सरळ माझ्याकडे बघितलं. "माझ्या सासूच्या डोक्यावरचे केस गेले शेन वाहून वाहून. त्या मातीत तू फुलां कुजवतोस."

पाहुण्यांना मी गांडूळखताचं सांगायचो, हे खरं होतं. सरपंचांनी अर्जाची घडी करून मला परत दिली, अगदी आदराने.

दोन दिवस मी घराबाहेर पडलो नाही. तिसऱ्या दिवशी तारेपलीकडून आवाज आला. "उठ. झुडपां उचल."

मी बाहेर आलो. काकी पहार घेऊन उभी होती.

"काकी, वैशाख तोंडावर आहे. आता उपटली तर मरतील."

"हितं तरी काय जगतात? हितं पानी धरतं. वर माळावर मुरूम हाय, पानी पळतं. तिथं माझं रोप नाय होत, तुझी फुलां होतील. हितं तुझी फुलां नाय होत, माझं रोप होल."

मी वर माळाकडे बघितलं. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"तुझे आठ कुजले तवा."

"मग दोन वर्षं बोलला का नाहीत?"

"तुझ्याकडं मागनं माझ्या तोंडून यील असं वाटलं तुला?" ती म्हणाली आणि पहार माझ्या हातात दिली. "जागा तू घेतलीस. तू बोलायचं होतं."

ती अदलाबदल कोणत्याही कागदावर नाही. झाडं गुडघ्याएवढी छाटून, मुळांभोवतीच्या मातीसकट डब्यांत घालून पावसापर्यंत आंब्याखाली ठेवली. तारेचा एक पदर मी स्वतः सोडला आणि राब रचायला लागलो. ती बोट दाखवायची, मी वाहायचो. पेटवायची वेळ आली तेव्हा मी पुढे झालो आणि वाऱ्याच्या बाजूनेच काडी लावली. भपकन ज्वाळा उठल्या, धावत धावत पलीकडे गेल्या आणि वरचं गवत तेवढं जळून खालचं शेण तसंच राहिलं. काकीने कपाळावर हात मारला. "वारा जाईल त्या टोकानं लावायचा, वाऱ्याच्या तोंडात. हळूहळू सरकला पायजे, जमीन भाजली पायजे. तू काय तमाशा दाखवायला आलास?" अर्धा राब पुन्हा रचावा लागला. एक पेंढाही तिने उचलला नाही.

माळावर गुलाबांना वेळ लागला. पहिलं वर्ष नुसती पानं. दुसऱ्या वर्षी थोडी फुलं, मग एका हिवाळ्यात नऊच्या नऊ झाडं एकदम फुलली. त्यातल्या दोन झाडांवर मी स्वतः डोळे भरले होते, आणि खालचे फोक न चुकता काढत होतो. पण काकीने कधी चांगलं म्हटलं नाही. येता जाता गुलाबांकडे बघून विचारायची, "आला का कोबी?" एकदा मी तिच्या हातात एक लाल फूल दिलं. तिने हुंगलं, उलटसुलट केलं, म्हणाली, "नुसता वास. भाजी होत नाय," आणि शेळीपुढे धरलं. शेळीने खाल्लं. दुसऱ्या दिवशी काकी तारेपाशी थांबली. "शेळी इचारत होती, आनखी हायती का?" एवढंच.

मग एका माघात ती अंगणात पडली, खुबा मोडला. लेकीने तिला डोळखांबकडे आपल्या घरी नेलं. तिचा मुलगा दत्तू मुरबाडला कारखान्यात पाळीवर जातो. तो मला म्हणाला, "काका, यंदा नाय करत शेती. आई नाय तं राब कोन भाजनार? तुमी लावा खाली पन गुलाब." काळी पट्टी सगळी माझी झाली होती. भांडायलाही कोणी नव्हतं.

चैत्र सरता सरता मी आणि ही तिला भेटायला गेलो. खाटेवर एवढीशी झाली होती. हिची विचारपूस झाली, मग माझ्याकडे वळली. "दत्तूनं राब भाजला का?"

आजारी माणसाला कशाला दुखवा म्हणून मी ठोकून दिलं, "हो, भाजला की."

"कुठून लावला?"

"वारा जातो त्या टोकानं. हळूहळू सरकत गेला."

तिने डोळे मिटले. मला वाटलं, समाधान झालं. मग म्हणाली, "खोटं बोलतोस. दत्तू जल्मात तसा लावत नाय." तिने हिच्याकडे तोंड फिरवलं. "कुंपनाला सांग, त्यानंच लावायचा. येतो त्याला. हात भाजले तं भाजू दे."

घरी आलो आणि राब भाजला. शेण दत्तूच्या गोठ्यातलं, टहाळ मी तोडून आणला. तीन दिवस लागले, जे काम ती एका दिवसात करायची. हात भाजले. ज्येष्ठात काकी गेली, पाऊस यायच्या आधीच. लेकीच्या गावीच अग्नी दिला. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.

रोप मात्र गर्द हिरवं आलं. दत्तू पट्टीपाशी येऊन बघून गेला आणि कारखान्यातून दोन दिवसांची रजा घेऊन आला. आवणीला बाया बोलावल्या. एक कमी पडली. त्यांतलीच एक ओरडली, "काका, काय बघत उभं राहिलाव? उतरा की!" मी धोतर खोचून, चष्मा सांभाळत काकीच्या खाचरात उतरलो. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या हातून एकच ओळ लागली, तीही वेडीवाकडी. बाया माझ्या पुढे चार-चार ओळी निघून गेल्या, माझ्याकडे बघून हसल्या आणि "राहू दे, काका, चालंल," म्हणाल्या.

चालंल कसलं? भात वर आलं तशी ती ओळ रस्त्यावरून दिसायला लागली आणि कापणीपर्यंत दिसत राहिली. भर चिखलात मला पुन्हा उतरवून ती उपटायला लावील, सरळ होईपर्यंत पुन्हा पुन्हा लावायला लावील, असं माणूस आता गावात राहिलं नव्हतं.