धनत्रयोदशीच्या पाटावरची नोट

आमच्याकडे धनत्रयोदशीला पाटावर पैसे मांडून त्यांची पूजा करतात. दिरहम, रुपये, देऱ्याच्या सोनेबाजारातून आणलेलं सोन्याचं एखादं नाणं, आणि वाटीत धणे-गूळ. दुबईत आल्यापासून नवऱ्याने त्यात स्वतःची भर घातली आहे. दरवर्षी एका नव्या देशाची नोट आणायची. देशोदेशीची लक्ष्मी, म्हणे! केनियाची झाली, फिलिपिन्सची झाली, मी काही बोलले नाही.

यंदा देऱ्यात जुन्या नोटा विकणाऱ्या एका माणसाकडून त्याने एक आणली. साडेचारशे दिरहम, म्हणजे आपले दहा हजारांच्या वर. प्लॅस्टिकच्या पाकिटात, करकरीत. वर दाढीवाला म्हातारा, हातात दगडी पाट्या. विकणाऱ्याने सांगितलं, वर्ल्ड वॉरची आहे हबीबी, एकदम कोरी, रेअर पीस. याने मान डोलावली आणि पैसे दिले. हाच माणूस इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या भाजीवाल्याला टोमॅटो कुठून आला म्हणून दहा प्रश्न विचारतो.

मुलगी अकरावीत आहे. तिने नोट बघितली, फोनवर शोधली आणि पाटाजवळून उठली. ही इथे असेल तर मी पूजेला बसणार नाही, म्हणाली. मला वाटलं, नेहमीची नाटकं. मग तिने फोन माझ्या हातात दिला.

वाचत गेले तसं माझं डोकंच सणकलं. नाझींनी ज्यूंना एका तटबंदीच्या गावात आणून कोंडलं होतं. येताच त्यांच्याकडचे खरे पैसे, दागिने, बॅगा सगळं काढून घेतलं आणि फक्त आतच चालतील असे हे कागद छापले. तटाबाहेर त्यांची किंमत शून्य. त्यावर नोट असंही लिहिलेलं नाही, पावती लिहिलंय. चित्रातला म्हातारा ज्यूंच्याच धर्मातला प्रेषित, त्याचं नाकही त्यांना हिणवायला मुद्दाम वाकडं काढायला लावलेलं. आत दुकानं होती, त्यांत माल कसला, तर याच लोकांच्या बॅगांतून काढलेले कपडे. आपलाच सदरा आपण या कागदाने विकत घ्यायचा. बाहेरून पाहुणे तपासणीला आले की त्यांना दाखवायचं, बघा, यांना बँकसुद्धा दिलीय. आणि मग त्याच माणसांना गाड्यांत कोंबून मारायला पाठवायचं. किती नीच असावं माणसाने?

नवऱ्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, सणासुदीला कशाला हे विषय, आणलीच आहे तर राहू दे. वर आणखी, कुंकू प्लॅस्टिकवरच लाव, आतल्या नोटेला डाग नको, पुढच्या वर्षी दुप्पट भावाने जाईल. झालं, माझा तोल सुटला.

"कोरी, कोरी काय लावलंयस? ती कोरी का राहिली ठाऊक आहे? घेण्यासारखं काही नव्हतं, आणि पुढे वापरणारेही उरले नाहीत."

तो मुलीकडे वळला. निदान तू तरी बस, दिवाळी आहे, असं समजावायला लागला. ती हलली नाही.

"बाबा, दिस इज नॉट मनी," ती म्हणाली. "दे रॉब्ड देम अँड गेव्ह देम अ रिसीट."

त्याने नोट उचलून खिशात घातली. मुलगी येऊन बसली, पूजा झाली, धणे-गूळ वाटला. माझ्या हातून हळदी-कुंकू वाहिलं जात होतं, पण मनातून राग जाईना. त्या विकणाऱ्याचा, याचा, आणि ज्यांनी हे छापलं त्यांचा तर विचारूच नका.

मग मी यमासाठी कणकेचा दिवा लावला आणि बाल्कनीत दक्षिणेकडे वात करून ठेवला. तो मागोमाग आला. खिशातून नोट काढली आणि हळूच विचारलं, इथे ठेवू का, त्यांच्यासाठी? वाईट हेतूने नाही विचारलं, एवढं मला कळत होतं. तरी माझा आवाज चढलाच.

"इथे नको. अकाली मरण टळावं म्हणून लावतात हा दिवा. त्यांचं टळलं का?"

त्याने हात मागे घेतला. नोट धरून तो तसाच उभा राहिला, आणि कुठे ठेव हे मलाही त्याला सांगता येईना.