मोठ्या आवाजाची माणसं

ताई माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. एकट्या म्हाताऱ्यांचे मदतीसाठी आलेले फोन ऐकायची आणि प्रत्येकापुढे शेरा लिहायची: शांत, घाबरलेला, रागीट. त्या शेऱ्यांवरून यंत्र शिकत होतं. कोणाकडे आधी माणूस धाडायचा, ते यंत्र ठरवणार होतं. रागीट माणसाकडे एकटं जायचं नाही, म्हणून त्याचा नंबर शेवटी.

संगणकवाले, समाजशास्त्रवाले आणि नीतिशास्त्राचे सर, अशा तिघांचा हा प्रकल्प. मी साहित्याची पदवीधर. अहवाल लिहायला घेतलेली.

चाचणीतले फोन तपासताना एक आवाज आला. "न्हाणीघरात पडलोय. कुणाला तरी पाठवा." पडद्यावर शेरा उमटला: रागीट.

ताईने हेडफोन काढले. "हे आमचे अण्णा. माझे वडील."

चाचणीत फोनांचा क्रम यंत्रच लावत होतं; अण्णा पडले त्या दिवशी माणूस दोन तासांनी पोहोचला होता. ताई कामावर होती आणि तिचा फोन नियमाप्रमाणे कपाटात, म्हणून अण्णांना ती मिळाली नव्हती.

"तीस वर्षं यंत्रमागावर काढली त्यांनी," ती म्हणाली. "त्या खडखडाटात हळू कोण बोलणार? घरी अण्णांनी मीठ मागितलं की शेजारी घेऊन येतात."

मग तिने आपलेच जुने शेरे काढले. नोंदीत यंत्रमागाचं काम लिहिलेल्या तीनशे सहा माणसांपुढे तिनेच 'रागीट' लिहिलं होतं. आवाज ठरावीक रेषेच्या वर गेला की रागीट, असा नियम होता.

"नियम त्यांचा. हात माझा."

शेरे बरोबर असल्याच्या दाखल्यावर तिची सही हवी होती. त्या सहीशिवाय सेवा सुरू होणार नव्हती.

"सही कर, ताई," प्रकल्पाच्या प्रमुख बाई म्हणाल्या. "पुढच्या टप्प्यात दुरुस्त करू."

"तोवर पडू नका, असं कळवू का म्हाताऱ्यांना?"

"समितीची मान्यता आहे," सर म्हणाले.

"समितीत मागावरचं कोण होतं, सर?"

सर फाइल चाळू लागले.

ताईने कपाटातून आपला फोन आणला, लावला आणि यंत्राच्या माइकपुढे धरला. "अण्णा, जेवलात का?"

"जेवलो गं बाळा. तू जेवलीस का?"

पडदा म्हणाला: रागीट.

कुणीच हसलं नाही.

"तुझा करार वाढणार नाही," बाई हळूच म्हणाल्या.

"नका वाढवू."

तिने दाखल्यावर आडवं लिहिलं: 'हे शेरे चुकीचे आहेत. ते मी दिले आहेत.' त्याखाली सही केली, तारखेसकट.

आज तिची खुर्ची रिकामी आहे. सेवाही सुरू झालेली नाही. तिची दोन वाक्यं मी अहवालाच्या सुरुवातीलाच घेतली आहेत. ती काढायला बाईंनी सांगितलं. मी काढलेली नाहीत. उद्या अकराला मला बोलावलं आहे.