कलावतीची गाठ

आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, गुलाबराव मेश्रामांना सगळे डायव्हर काका म्हणतात. जंगल खात्याची जीप त्यांनी सव्वीस वर्षं चालवली. खात्यानं ती लिलावात काढली, तेव्हा त्यांनीच घेतली. पण बायको कलावती गेली आणि जीप अंगणातल्या निंबाखाली जी उभी राहिली, ती नऊ वर्षं. बोनटात पाखरांनी घरटी केली. चाकं मातीत रुतली.

मग काकांची नजर जाऊ लागली. काचबिंदू. समता कॉलनीतल्या डॉक्टरनं सांगितलं, गेलेली परत येत नाही, आणि उरलेली फार दिवस टिकणार नाही. त्या दिवशी घरी येऊन ते लेकीला, दीक्षाला म्हणाले, "बेटा, चौदा एप्रिलले पहाटे गाडी मी चालवीन. घरापासून विहारापर्यंत. रस्ता तवा रिकामा राह्यते, आन् मले पाठ हाय."

"बाबा, तुम्हाले समोरचा हत्ती दिसत नाही!"

"हत्ती बाजूले होते. तू पाना आन."

दीक्षा पंडरीच्या बाजारात कापडाच्या दुकानात नोकरीला. संध्याकाळी घरी आली की ओढणी कमरेला खोचायची आणि गाडीखाली शिरायची. डोळे तिचे, हात त्यांचे. वायर कोणत्या रंगाची ते ती सांगे. नट किती कसायचा ते ते बोटांनी सांगत.

"काहून बारीक पाना देऊन राहिली? चौदाचा दे."

"चौदाचाच हाय, बाबा."

"मंग बोल्ट खोटं बोलून राहिला."

दोघं हसायचे. आई गेल्यापासून बाप-लेकीत एवढं बोलणं झालं नव्हतं.

एप्रिल लागला आणि इंजिन चालू झालं. धुराचा लोट निघाला, निंबावरचे कावळे उडाले. काका बोनटवर हात ठेवून कितीतरी वेळ उभे होते.

जयंतीला आमच्याकडे घरं रंगवतात, ठेवणीतले पांढरे कपडे काढतात. जुनं, मळकं काही राहू देत नाहीत. दीक्षानंही तेच केलं. सीटला पांढरं कापड चढवलं. स्टिअरिंगवर तेलानं काळी पडलेली दोरी गुंडाळलेली होती. ती तिनं ब्लेडनं कापली, घाणेरड्या चिंध्यांबरोबर जाळून टाकली आणि गोल बाजारातून आणलेलं कव्हर बसवलं.

चौदा तारखेच्या पहाटे काका नवा सदरा घालून गाडीत बसले. हात स्टिअरिंगवर ठेवले. एकदा फिरवले, दुसऱ्यांदा फिरवले.

"गाठ कुठी हाय?"

"कोणती गाठ, बाबा?"

एका उन्हाळ्यात स्टिअरिंग तव्यासारखं तापायचं, हाताला फोड यायचे. तेव्हा कलावतीनं खाटेची उरलेली दोरी त्यावर घट्ट गुंडाळली होती आणि शेवटची गाठ बरोबर वर मारली होती. गाठ वर आली की चाकं सरळ. जंगलातल्या धुळीत काकांचा अंगठा तीच शोधायचा. आजही ते तिच्याच भरवशावर निघाले होते. लेकीला कधी सांगितलं नाही. सांगायचं काय? गाठ तर जागेवरच होती.

"मी जाळली, बाबा."

काकांचे हात स्टिअरिंगवरून खाली आले. दीक्षा घरात धावली, दोरी आणली. कव्हर फाडून काढलं, खाली उतरून चाकं सरळ आहेत का पाहिलं आणि दोरी गुंडाळून वर गाठ मारली. त्यांनी अंगठा ठेवला.

"चांगली बांधली," ते म्हणाले. अंगठा पुन्हा फिरवून म्हणाले, "तुह्या मायची बोटाले टोचे." आणि ते बाजूच्या सीटवर सरकले. "तू घे."

माणसाच्या चालीनं गाडी निघाली. काकांच्या मुठी मांडीवर मिटलेल्या होत्या आणि उजवा अंगठा काहीतरी चाचपत होता. वळण सरलं तेव्हा दीक्षाचे डोळे भरून आले, रस्ताच दिसेना.

"बाबा, सरळ चालली का?"

"मले काय विचारतं? गाठ पाहाय."

पावसाळ्याआधी त्यांचा उरलेला उजेडही गेला. गाडी आता रोज सुरू होते. दीक्षा ती चालवून कामावर जाते. संध्याकाळी आवाज आला की काका निंबाखालून उठतात, हात पुढे करून येतात आणि बोनट चाचपतात. स्टिअरिंगकडे जात नाहीत.