उत्तमसिंग गुरुजींची चिठ्ठी

यवतमाळला समुपदेशनाच्या एम.ए.ला आम्ही चौदा जण होतो. तेरा जण समुपदेशक व्हायला आले होते. चौदावे उत्तमसिंग आडे गुरुजी. वय एकसष्ट, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेनं. पहिल्या दिवशी ते वर्गात शिरले तेव्हा आम्हाला वाटलं, शिकवायला आलेत. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. ते मुकाट्याने मागच्या बाकावर जाऊन बसले, मग आम्हीही बसलो.

मी नाहिद, दारव्ह्याची. माझे अब्बू वाहिद मिस्त्री, जीपची इंजिनं खोलतात. मी हा कोर्स घेतला तेव्हा ते हसून म्हणाले होते, "मैं इंजन की सुनता हूँ, तू आदमी की सुनेगी." मला राग आला होता. इंजिन आणि माणूस एका मापाने मोजतात म्हणून. तेव्हा मला राग लवकर यायचा. आताही येतो, पण आता तो बहुतेक वेळा माझाच मला येतो.

तर आमचा कोर्स. पुस्तकं वाचून समुपदेशक होता येत नाही, सराव लागतो. दर शनिवारी दोन खुर्च्या मांडायच्या, अगदी समोरासमोर नाही, जराशा तिरक्या. एकीवर समुपदेशक, दुसरीवर क्लायंट. मध्ये टेबल, टेबलावर घड्याळ. आमच्या विमल मॅडमकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता, त्यात चिठ्ठ्या. 'दहावीत नापास झालेला मुलगा', 'सून छळते म्हणणारी सासू', 'दारू सोडू पाहणारा ड्रायव्हर'. क्लायंटने चिठ्ठी उचलायची आणि ते माणूस व्हायचं.

आता गंमत अशी, की समुपदेशक व्हायला सगळे तयार, क्लायंट व्हायला एकही नाही. दारव्ह्याच्या पोरीने चिठ्ठीत लिहिलंय म्हणून नुसतं खोटं जरी म्हटलं की माझं एका मुलावर प्रेम आहे, तर ती जीपमध्ये बसायच्या आत ते गावात खरं होऊन पोचलेलं असतं. आम्ही मुली चिठ्ठी उघडायचो, वाचायचो आणि परत डब्यात टाकायचो. मुलं तर रडायचा अभिनय करायची वेळ आली की खिदळायची.

एका शनिवारी मॅडम वैतागल्या. तेव्हा मागच्या बाकावरून गुरुजी उठले, खुर्चीत येऊन बसले, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "बोला, आज मी कोन?"

त्या दिवशी ते सासू झाले. गळ्यातला गमछा डोक्यावर घेतला आणि सुनेच्या अशा काही कागाळ्या केल्या की मॅडमसुद्धा तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. शाळेच्या गॅदरिंगची नाटकं त्यांनी तीस वर्षं बसवली होती. तेव्हापासून ते आमचे कायमचे क्लायंट. दोन वर्षं आम्ही तेराही जण त्यांच्यावर शिकलो. शिकाऊ न्हाव्यांना एकच डोकं मिळावं, तसं झालं. ते नापास मुलगा झाले, घटस्फोटित बाई झाले, परीक्षेला घाबरणारी पोरगी झाले. दर वेळी सुरुवातीला तेच, "बोल बेटा, आज मी कोन?" आणि चिठ्ठी वाचून घडी घालून खिशात टाकली की ते दोन्ही हात जोडून म्हणायचे, "नमस्कार मॅडम." मग सुरू.

समुपदेशक म्हणून मात्र गुरुजी म्हणजे आनंदीआनंद. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत सल्ला. "सकाळी उठून फिराले जात जा. दूध पेत जा." मॅडम कपाळाला हात लावायच्या.

"गुरुजी, सल्ला द्यायचा नाही. फक्त ऐकायचं."

"मंग तो मानूस येते कायले?"

याच पायी ते आमच्या आधीच्या तुकडीबरोबर प्रात्यक्षिकात नापास झाले होते आणि आमच्यात येऊन बसले होते. त्याचं त्यांना वाईट वाटल्याचं कुणी पाहिलं नाही. आम्ही आपले थट्टा करायचो, "गुरुजी, या वर्षीबी नापासच व्हा, आमच्या मागून येणाऱ्यांची सोय होईल." ते हसायचे. पण यंदा मॅडमनी त्यांना बोलावून सांगितलं होतं, की नियमाप्रमाणे ही शेवटची संधी. पास झालात तरी कोर्स संपला, नापास झालात तरी संपला. त्या दिवशी ते जीपमध्ये बसायचं विसरून स्टँडवर तसेच उभे होते. मी हाका मारून बोलावलं.

आमचा रस्ता एकच होता. बोरीच्या पुढे एक फाटा लागतो, तिथे उतरून दोन किलोमीटर आत त्यांचा तांडा. ते पुढे ड्रायव्हरजवळ बसायचे, मी मागे. दोन वर्षांत त्यांच्याबद्दल मला काय माहीत होतं? बायको मानीबाई वारल्या होत्या, मुलगा बादल पुण्याला कंपनीत होता. बस्स. माणसांची मनं उघडायचं शिक्षण घेत होते मी, आणि रोजच्या सोबतीच्या माणसाला एक प्रश्न कधी विचारला नाही. शनिवारी वर्गात ते वीस मिनिटं बोलायचे, दुसऱ्याचं कुणाचं तरी. बाकी सहा दिवस त्यांच्याशी कोण बोलत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले. नाव पुकारलं की खुर्चीत बसायचं, वीस मिनिटं मुलाखत करायची, मोबाइलवर आवाज टेप करायचा. मग ते सगळं शब्दन् शब्द वहीत उतरवून, क्लायंटची चिठ्ठी पहिल्या पानावर चिकटवून सोमवारी जमा करायचं. माझ्या वाट्याला गुरुजीच आले. मी मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले. त्यांच्यासारखा क्लायंट मिळणं म्हणजे अर्धे मार्क हातात.

त्यांनी डब्यातून चिठ्ठी काढली, वाचली. जरा वेळ तशीच हातात धरली. मग घडी घालून खिशात टाकली आणि हात जोडले.

"नमस्कार मॅडम. माह्यी बायको वारली. पाच वर्सं झाले."

मी किंचित पुढे झुकले. शिकवलं होतं तसं. मला वाटलं, चिठ्ठी विधुराचीच निघाली, गुरुजींना ही सोपी जाणार.

"आमच्या तांड्यात कोनी गेलं का बाया येतेत, एकमेकीच्या गळ्यात पडतेत, गाऊन गाऊन रडतेत. गेलेल्याचं सारं काही त्या गान्यात येते. तिनं पहिलं लुगडं कोनतं घेतलं, कोनत्या वावरात तिले इचू चावला, सारं. त्या दिवशी मी बाहेर मानसाईत बसून होतो. आतून ऐकू येत होतं. मॅडम, त्यातलं अर्धं मले मालूम नव्हतं."

"हं," मी म्हटलं.

"पस्तीस वर्सं ते माह्यासंग होती. मी सांजच्याले वह्या तपासत बसो. ते भाकरी करता करता बोलत राहे. आज काय झालं, कोन आलतं, काय मनात आलं. मी म्हनत राहो, हूं. हूं. लाल पेन चालू, अन् हूं."

"हं."

ते थांबले. माझ्याकडे पाहिलं. "अस्संच," ते म्हणाले. "अस्संच म्हनत होतो मी."

मी घड्याळाकडे पाहिलं. नऊ मिनिटं झाली होती.

"आता मी घरात बसतो अन् आठवाले बसतो, का ते काय सांगत होती. एक गोष्ट आठवत नाही, मॅडम. पस्तीस वर्साईतली एक नाही. तिचा आवाज आठवते, बोल आठवत नाहीत. दुसऱ्याचं ऐकावं कसं ते आता शिकून राह्यलो. पन आता ऐकू कोनाचं? घरात बोलाले कोनी नाही. पोराचा फोन येते. तो म्हनते, बरं हाय ना? मी म्हनतो, बरं हाय. झालं."

मी म्हणाले, "म्हणजे तुम्हाला खूप एकटं वाटतंय, आणि अपराधीही वाटतंय."

अगदी पुस्तकातलं वाक्य. परीक्षकांचं पेन कागदावर हललेलं मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. गुरुजी गप्प झाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी शिकवल्याप्रमाणे शांतता राखली. वीस मिनिटं झाली. त्यांनी हात जोडले.

आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. परीक्षक म्हणाले, "वा गुरुजी, काय जिवंत अभिनय!" गुरुजी उठले आणि गॅदरिंगमध्ये वाकतात तसे जरासे वाकले.

दुपारी त्यांचा नंबर आला. आमच्या वर्गातली पंचफुला सिस्टर त्यांची क्लायंट झाली. या वेळी गुरुजींनी सल्ला दिला नाही. हूं सुद्धा म्हटलं नाही. वीस मिनिटं तिच्या तोंडाकडे बघत नुसते ऐकत राहिले. पंचफुला नंतर म्हणाली, मी चिठ्ठीतलं संपवून भलतंच काही सांगायला लागले होते. परीक्षकांनी त्यांना जेमतेम मार्कांनी पास केलं. पास झाल्यावर इतकं उतरलेलं तोंड मी आजवर पाहिलं नाही.

परतीच्या जीपमध्ये ते नेहमीसारखे पुढे बसले. फाट्यावर उतरले, मागे माझ्या खिडकीशी आले आणि खिशातली चिठ्ठी काढून दिली. "वहीले लावाची हाय ना. चांगला गेला ना पेपर, बेटा?"

"तुमच्यामुळे, गुरुजी! काय अॅक्टिंग केली आज!"

"हूं," ते म्हणाले. जीप निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन बसले. गोंद लावायच्या आधी चिठ्ठी उघडली. विमल मॅडमचं वळणदार अक्षर. 'बारावीची विद्यार्थिनी. परीक्षेची भीती. रात्री झोप येत नाही.'

मी ती तीनदा वाचली. मग मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं. त्यात माझा 'हं' मोजला, सतरा वेळा. बाहेर अंगणात अब्बू एका जीपच्या उघड्या बॉनेटवर वाकून इंजिन ऐकत होते. कान जवळ, डोळे मिटलेले. अब्बू हं म्हणत नाहीत.

मला रडू आलं आणि संतापही आला. माणूस माझ्यासमोर खरोखर तुटत होता आणि मी घड्याळ बघत होते, मार्क मोजत होते आणि वर टाळ्या वाजवल्या. पण खरं सांगायचं तर त्याच वेळी भीतीही वाटली. चिठ्ठी आणि मुलाखत जुळत नाही म्हणून परीक्षा रद्द केली तर? मी मॅडमना काही सांगितलं नाही. चिठ्ठीला लिहिलेल्या बाजूने गोंद लावला आणि उलटी चिकटवली. पन्नासपैकी त्रेचाळीस पडले. कुणी विचारलं नाही.

पुढे मला यवतमाळला एका शाळेत समुपदेशकाची नोकरी लागली. रोज तीच जीप, तोच फाटा. पहिल्या दिवशी ठरवलं, उद्या उतरू. मग म्हटलं, रविवारी. रविवारी अम्मीसोबत बाजार. असे चार महिने गेले. फाटा जवळ आला की मी पर्समध्ये काहीतरी शोधायला लागायचे. शाळेत मुलं माझ्यासमोर बसून बोलायची आणि माझ्या तोंडून हं निघाला की मीच दचकायचे.

शेवटी एका शनिवारी ड्रायव्हरला म्हटलं, "थांबवा भाऊ," आणि उतरले.

तांड्यात घर शोधायला लागलं नाही. गुरुजी कुठे राहतात म्हणताच एका बाईने हात करून दाखवलं. ओसरीवर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या होत्या. समोरासमोर नाही, जराशा तिरक्या. एकीवर ते बसले होते. तोच पांढरा शर्ट, पण इस्त्री नव्हती. दुसरी खुर्ची रिकामी होती, आणि तिच्यावर धूळ नव्हती.

"अरे, नाहिद बेटा! ये, बस. मास्तर खुर्च्या अशा वाकड्या काहून मांडते म्हून लोक हासतेत." ते आत गेले, पाण्याचा तांब्या घेऊन आले. चहाला ठेवू का विचारलं. पास झालेल्या सगळ्यांची एकेकाची चौकशी केली. मग खुर्चीत टेकले, चष्मा पुसला आणि त्यांचे डोळे जरा चमकले.

"बोल, आज मी कोन?"

मी म्हटलं, "आज तुम्हीच, गुरुजी. उत्तमसिंग आडे."

ते हसले. मग हसू मावळलं. त्यांनी तांब्या उचलून जरा बाजूला सरकवला.

"ते नाही जमत मले, बेटा," ते म्हणाले. "तेवढं सोडून काहीबी सांग."

पुस्तकातलं आठवत होतं ते मला म्हणायचं नव्हतं. मग मी पर्समधून डायरी काढली, एक पान फाडलं आणि लिहिलं. 'निवृत्त शिक्षक. वय त्रेसष्ट. पत्नी मानीबाई वारल्या. घरी एकटे.' घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली.

त्यांनी घडी उघडली. वाचली. पुन्हा वाचली. मग त्यांनी तो नीट घडी करून खिशात, दोन पेनांच्या मागे ठेवला. शर्ट सारखा केला. खुर्चीत सरळ बसले आणि दोन्ही हात जोडले.

"नमस्कार मॅडम," ते म्हणाले. "माह्या बायकोचं नाव मानीबाई."

मी मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं, आणि तोंड मिटून ऐकायला बसले.