दारापर्यंतचा पाला

माझा स्वभाव तापट. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या बायकोची कीव आली तर माझ्यावर चिडायला तुम्ही मोकळे. वरणगावची नोकरी सोडली, तीही साहेबाशी भांडूनच. हाताशी होती नव्हती ती पुंजी घालून रावेरच्या पुढे, सातपुड्याच्या अंगाला पाऊण एकराचा तुकडा घेतला. पत्र्याचं छप्पर, शेणाने सारवलेली जमीन, दोन खोल्या. आणि जाहीर केलं, की आता बाजारातून फक्त मीठ आणि काडेपेटी येईल. बाकी सगळं घरचं.

बायकोने विचारलं, "आणि चहापत्ती?"

म्हटलं, "गवती चहा लावू."

ती गप्प बसली. ती गप्प बसली की मी जिंकलो, असं मी वीस वर्षं समजत आलो होतो.

तसं चाललंही होतं बरं का. ज्वारी-उडीद घरचे, त्यामुळे कळण्याची भाकरी घरची. वांगी, मिरच्या, दोन शेळ्यांचं दूध. मोटारसायकल मी विकून टाकली. पेट्रोल काय माझ्या वावरात पिकतं? सायकल पुरे. चपलाही सोडल्या, आपल्या मातीत आपण अनवाणीच फिरायचं. बायकोलाही तेच सांगितलं, म्हणजे बजावलंच.

पाणी मात्र शेजारच्या आबांच्या ट्यूबवेलचं, आठवड्यातून दोनदा. एवढ्याशा पाण्यात उन्हाळा काढायचा तर ओल टिकवायला हवी, म्हणून माझा सगळा भर पाल्यावर. आजूबाजूला केळीच्याच बागा. घड कापला की लोक खोडं आणि पानं बांधावर फेकून देतात. मी ती फुकट ओढून आणायचो, खोडाचे तुकडे करून वाफ्यांत अंथरायचो, वर वीतभर पाला. वाफे झाले, मग पायवाट झाली, मग थेट दारापर्यंत. उघडी जमीन दिसली की माझं डोकंच फिरायचं.

आबा एकदा बांधावर उभे राहून म्हणाले, "घराजोळ पाला नको टाकू रे भो. खाली गारवा ऱ्हातो, उंदरं येतात, मंग जनावर येतं."

जनावर म्हणजे साप. आमच्याकडे त्याचं नाव घेत नाहीत. मी आबांना गांडुळांवर अर्धा तास भाषण दिलं. म्हातारा माणूस, ऐकून घेतलं आणि निघून गेला.

मे महिना होता, सकाळची आठची वेळ. मी आत बी निवडत होतो. बायको पुदिना खुडायला मोरीच्या मागे गेली, दारापासून दहा पावलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी व्हावी तसा आवाज आला. घरात कुकर नाही, मग हा आवाज कसला, असं मनात येतंय तोच ती किंचाळली.

बाहेर धावलो तर ती पाल्यात बसलेली, घोटा दोन्ही हातांनी धरून. तिच्यापासून हातभर अंतरावर पाला हलत हलत लांब गेला. अंगावरच्या तपकिरी टिकल्या मला दिसल्या. घोणस. खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मी दोन पावलं मागे सरलो. बायकोकडे नाही, मागे.

मग जे केलं ते सगळं चुकीचं केलं. ठिबकची बारीक नळी ओढून काढली आणि तिच्या पोटरीला करकचून बांधली. आत जाऊन घरगुती औषधांची माझी वही शोधली. खोकला, मूळव्याध, उष्णता, भाजणं, सगळ्याला पानं होती. सापाला पान नव्हतं. मी ती वही पुन्हा पहिल्यापासून चाळायला लागलो! बाहेर ती "अहो, अहो" करत होती आणि मी पानं उलटत होतो. किती मिनिटं गेली देव जाणे.

सायकलवर तिला बसवून पाहिलं. ती बसेना, पाय लोंबता ठेवला की ओरडायची. घोटा डोळ्यांदेखत फुगत होता. नजरेच्या टप्प्यात चिटपाखरू नाही, घरात मोबाइलसुद्धा तेवढा एक, तोही बंद पडलेला, सूर्यावर चार्ज व्हायला छपरावर ठेवलेला. तेव्हा मी बांधाकडे तोंड करून बोंब ठोकली. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी हाक मारली आणि ती भांडायला नव्हती.

आबांच्या बागेत कापणी चालू होती. पिकअप घडांनी गच्च भरून सावद्याला निघायच्या बेतात. आबा आले, पाय बघितला आणि मागे वळून ओरडले, "बठ्ठे घड उतरवा रे! खाली टाका!"

केळीचा घड कसा हाताळतात ते मला ठाऊक आहे. तान्ह्या पोराला निजवावं तसा पानांवर ठेवतात, एक डाग पडला तरी व्यापारी नाक मुरडतो. ते घड त्या माणसांनी धडाधड धुळीत टाकले. बायकोला पानांच्या गादीवर झोपवलं आणि गाडी सुटली. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो. ती विचारत होती, "शेळ्यांना पाणी पाजलं का?" माझे दात वाजत होते. मे महिन्यात!

सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी ती नळी सोडवली. "कोणी बांधलं हे?" मी मान खाली घातली. मग त्यांनी थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, वीस मिनिटं हात लावायचा नाही. गोठलं तर बरं, नाही गोठलं तर विष भिनलंय.

मी त्या नळीकडे बघत बसलो. नवस बोललो, शिव्या दिल्या, सापाला, स्वतःला, गांडुळांना. वीस मिनिटांनी बाईंनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

लगेच सलाइनमधून औषध सुरू झालं. पुन्हा तपासणी सहा तासांनी. तिच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, ते मी माझ्या उपरण्याने पुसत होतो आणि उपरण्याची ती बाजू तिला दिसू नये म्हणून घडी घालत होतो. पाय गुडघ्यापर्यंत काळानिळा. आपण हिला मारलं, एवढंच डोक्यात. तिने कधी पाऊण एकर मागितलं नव्हतं.

दुपारी तीनच्या सुमाराला दुसरी नळी. पुन्हा वीस मिनिटं. बाईंनी ती तिरकी केली, मग पार उलटी धरली. रक्त जागचं हललं नाही. "गोठलंय," त्या म्हणाल्या. "सुटल्या बहुतेक. लक्ष ठेवावं लागेल." आणि दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

मी ढसाढसा रडलो. आणि रडून होतं न होतं तोच, काय सांगू, माझा स्वभाव उसळून वर आला. "बघून पाय टाकता येत नाही का गं तुला? डोळे कुठे होते?"

तिचे ओठ सुजले होते. सावकाश बोलली. "परवा पाहिला होता मी त्याला. तिथेच, मोरीमागे."

"मग बोलली का नाहीस?"



"तुमची भीती वाटली," ती म्हणाली.

आबा बाहेर ओट्यावर सकाळपासून बसून होते. ती वाचली, हे त्यांना जाऊन सांगायला हवं होतं. मला उठताच येईना.