बांधात गेलेलं दार
खाडीच्या चिखलाचा वास आला की पेणजवळचं ते गाव आठवतं. वादळात तिथला खारं पाणी अडवणारा बांध फुटला होता आणि रोह्याहून गेलेले आम्ही स्वयंसेवक हातोहात चिखलाचे गोळे पुढे देत होतो. भरतीला जेमतेम तास उरला होता, आणि टाकलेला प्रत्येक गोळा वाहून जात होता. तेवढ्यात एक मावशी आपल्या घराचं दार काढून डोक्यावरून घेऊन आली. “मावशी, घर उघडं पडेल,” मी म्हणाले. “शेतात खारं पानी भरलं तर घरात ठेवायचं काय गो?” दार भगदाडात आडवं लावलं, तसा चिखल टिकून राहिला. “आठवड्यात नवं दार पाठवते,” निघताना मी छातीठोकपणे सांगितलं. ते राहूनच गेलं. घराची कडी लावताना अजून वाटतं, तिचं घर उघडंच असेल.